चक आणि त्याची बैठक

लेथयंत्रावर कापणारे हत्यार स्वतः फिरत नाही, कापला जाणारा धातू फिरत असतो. त्यामुळे ही फिरणारी वस्तू, जिला कारखान्यात ‘जॉब’ म्हणतात, ती कशी धरली आहे यावर तिच्या गोलाईची, तिच्या तोंडाच्या काटकोनाची आणि यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या सुरक्षिततेचीही मदार असते. ही पकड देणारे साधन म्हणजे चक. हेडस्टॉकमधून, म्हणजे लेथच्या डाव्या टोकाला असलेल्या गिअर व बेअरिंगांच्या पेटीतून, बाहेर येणाऱ्या स्पिंडलच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, नाकावर तो बसतो आणि आपल्या तीन किंवा चार जबड्यांत जॉब आवळून धरतो. जुना चक दुरुस्त करायचा म्हणजे त्याचे जबडे घासून सारखे करायचे, अशी समजूत या धंद्यात फार पसरलेली आहे. जुनी यंत्रे उघडण्यात आणि पुन्हा उभी करण्यात ज्यांची वर्षे गेली त्या कारागिरांचा अनुभव मात्र याच्या उलट आहे: जॉब जेथे वाकडा फिरताना दिसतो तेथे दोष क्वचितच असतो, तो बहुतेक वेळा चकच्या पाठीमागे, नजर न पोहोचणाऱ्या एखाद्या बैठकीत असतो, आणि म्हणून जबड्यांना हात लावण्याची वेळ सर्वांत शेवटी यायला हवी.

हा अनुभव प्रामुख्याने कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वसाहतींतील लहान जॉबवर्क कारखान्यांत, म्हणजे दुसऱ्याचा माल घेऊन केवळ मजुरीवर त्याचे यंत्रकाम करून देणाऱ्या कारखान्यांत, जमा झालेला आहे. तेथील लेथ बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हातातले असतात. कोणी १९५३ साली बंगळूरला स्थापन झालेल्या एचएमटीचा, कोणी १९४१ साली हरिहर येथे सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचा, तर कोणी राजकोट किंवा बटाला येथील लहान उत्पादकांचा लेथ वापरीत असतो. कोल्हापूर हे ओतकामाचे गाव असल्याने या यंत्रांवर बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे, काम भरपूर येते आणि चकच्या आयुष्यावर त्याचा थेट परिणाम होतो. पोलाद कापताना निघणारे लांब, वळसेदार तुकडे ओढून काढता येतात. बीड मात्र बारीक काळ्या भुकटीच्या रूपाने झडते, ती भुकटी जबड्यांच्या खाचांतून चकच्या पोटात उतरते, तेथील तेलात किंवा ग्रीसमध्ये कालवली जाते आणि ओतीव मालाला चिकटून आलेली साच्यातील वाळू तिच्यात मिसळली की पॉलिश करण्याच्या पेस्टसारखे घासणारे मिश्रण तयार होते. जो चक केवळ पोलादी सळ्या धरून अनेक वर्षे टिकला असता तोच बिडाच्या कामावर फार लवकर सैल पडतो, आणि कामगाराने तो नीट वापरला नाही हा मालकाचा आरोप अशा वेळी बहुधा अन्यायाचा असतो.

तीन जबड्यांच्या चकचे तत्त्व समजल्याशिवाय त्याची झीज समजत नाही. या चकच्या आत एक जाड पोलादी चकती असते. तिच्या पुढच्या तोंडावर, मध्यापासून कडेपर्यंत समान अंतराने वाढत जाणारा सर्पिल आटा कोरलेला असतो आणि मागच्या तोंडावर तिरके दाते असतात. कारखान्यात हिला ‘स्क्रोल’ म्हणतात. चकच्या कडेला चावीसाठी जी चौकोनी भोके दिसतात ती तीन लहान पिनियनांची, म्हणजे छोट्या दंतचक्रांची, तोंडे असतात. चावी फिरवली की पिनियन स्क्रोलला फिरवते आणि स्क्रोलच्या आट्यात अडकलेले तिन्ही जबडे एकाच वेळी सारख्या अंतराने आत किंवा बाहेर सरकतात. अमेरिकेतील सायमन फेअरमन याने १८४० साली अशा रचनेचे पेटंट घेतले आणि त्याचा जावई ऑस्टिन कुशमन याने १८६०च्या दशकात तिला बाजारात रुळवले. मूळ कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. आटा सर्पिल असल्यामुळे एका फेऱ्यात तो जेवढा बाहेर सरकतो त्याचा एकतृतीयांश भाग दर दोन जबड्यांच्या मध्ये पार होतो, आणि म्हणून तिन्ही जबड्यांचे दाते एकमेकांपेक्षा तेवढ्याच अंतराने पुढेमागे पाडलेले असतात. जबड्यांवर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात ते याचसाठी. शिवाय मध्याजवळ आट्याचा बाक तीव्र आणि कडेला मंद असल्याने जबड्याच्या दातांना दोन्ही ठिकाणी चालेल असा तडजोडीचा बाक दिलेला असतो. अखंड जबडा उलटा करून बसवता येत नाही आणि आतून व बाहेरून पकडण्यासाठी जबड्यांचे दोन वेगळे संच लागतात, त्यामागचे कारण हेच आहे.

जबडे घालण्याचा क्रम ही आयटीआयमधील टर्नर या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकवली जाणारी प्राथमिक गोष्ट. तरीही प्रत्यक्ष कारखान्यात तिच्यावरून होणारा घोळ वारंवार पाहायला मिळतो. एका कारखान्यात नव्याने आलेल्या शिकाऊ मुलाने साफसफाईनंतर जबडे परत घातले, ते सुरळीत सरकू लागले, आणि सळई बांधल्यावर ती उघड्या डोळ्यांना दिसेल इतकी बाजूला फिरू लागली. वरिष्ठ कारागिराने त्याला न रागावता जॉब काढायला लावला आणि जबडे मध्यापर्यंत रिकामेच मिटवायला सांगितले. दोन जबडे एकमेकांना भिडले आणि तिसरा मागे राहिला, तेव्हा मुलाला कारण आपोआप उमगले. पहिल्या क्रमांकाच्या खाचेत आट्याचे टोक दिसू लागेपर्यंत स्क्रोल फिरवायची, ते टोक किंचित मागे घ्यायचे, पहिला जबडा दाबून धरायचा, आटा त्याला पकडतो हे हाताला जाणवले की स्क्रोल दुसऱ्या खाचेपर्यंत न्यायची, मग तिसऱ्या. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांनी अधिक नीट होते. हा क्रम तोंडपाठ करून घेण्यापेक्षा चक एकदा उघडून स्क्रोल हातात दिली तर शिकाऊ मुलगा तो पुन्हा विसरत नाही, असे या क्षेत्रात शिकवणाऱ्या पुष्कळांचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

दोष शोधण्याच्या बाबतीत ज्या प्रसंगाने अनेकांची दृष्टी बदलली असेल, तशा स्वरूपाचा एक प्रसंग येथे नोंदवणे उचित ठरेल. बुश बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात जॉब सतत ‘आउट’ फिरत होता, म्हणजे त्याचा अक्ष स्पिंडलच्या अक्षाशी जुळत नव्हता. मालकाने जबडे ग्राइंड करून घेण्याचे ठरवले होते आणि चक बाहेर पाठवण्याची तयारीही झाली होती. चक उतरवल्यावर स्पिंडलच्या खांद्यावर, म्हणजे स्पिंडलच्या नाकावरील आट्यांच्या मागे असलेल्या ज्या सपाट कड्यावर चकची पाठ टेकते त्या कड्यावर, दाबून चपटा झालेला पोलादाचा एक तुकडा चिकटलेला सापडला. तो नखाने सहज निघत नव्हता इतका पक्का बसला होता आणि त्याच्यासमोरच्या बॅकप्लेटवर, म्हणजे चक आणि स्पिंडल यांच्यामधील तबकडीवर, त्याचा ठसाही उमटला होता. तुकडा काढला, ठशाच्या वर आलेल्या कडा बारीक दगडाने सपाट केल्या, चक परत बसवला आणि तक्रार संपली. हिशेब मांडला तर यात आश्चर्य काही उरत नाही: ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या खांद्यावर एका बाजूला एक दशांश मिलिमीटर जाडीचा तुकडा राहिला, तर दीडशे मिलिमीटर पुढे अक्ष जवळजवळ दोन दशांश मिलिमीटर सरकतो, आणि मापन घड्याळ त्याच्या दुप्पट हालचाल दाखवते. जबडे त्याच अवस्थेत ग्राइंड केले असते तर ते त्या तुकड्याशी जुळवून घासले गेले असते, आणि पुढे कधी तरी खांदा स्वच्छ झाला असता त्या दिवसापासून चक कायमचा वाकडा ठरला असता.

या कारणाने जाणता कारागीर तपासणी नेहमी स्पिंडलपासून बाहेरच्या दिशेने करतो. त्यासाठी लागणारे ‘डायल’ हे मापन घड्याळ चुंबकी पायावर उभे करून त्याची सोंड फिरत्या पृष्ठभागावर टेकवतात. त्याच्या एका घरावर एक शतांश मिलिमीटर वाचता येतो. आधी स्पिंडलच्या आतील शंकू, मग नाकाची गुळगुळीत गोलाई, मग खांदा, त्यानंतर बॅकप्लेट, मग चकचे अंग, आणि अखेरीस जबड्यांत धरलेली परीक्षणसळई, असा हा क्रम आहे. स्पिंडलच स्वतः दोन-तीन शतांश हलत असेल तर पुढच्या कोणत्याही वाचनाला अर्थ राहत नाही आणि प्रश्न बेअरिंगांचा ठरतो. परीक्षणसळई स्वतः सरळ व गोल असलीच पाहिजे. लहान कारखान्यांत त्यासाठी जुन्या इंजिनाच्या पिस्टनची कठीण, ग्राइंड केलेली पिन वापरण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, मात्र जबड्यांपासून दूर मोजायचे असेल तर तिच्याऐवजी लांब ग्राइंड केलेली सळई लागते. वाचन दोन ठिकाणी घ्यायचे असते, एक जबड्यांना लागून आणि दुसरे शंभर मिलिमीटर पुढे. दोन्ही ठिकाणी हालचाल सारखी आणि एकाच बाजूला असेल तर चक समांतर सरकलेला आहे. पुढे जाताना ती वाढत असेल तर चक किंवा जबडे तिरके झाले आहेत. हे एवढे दोन आकडे कागदावर उतरवले तरी पुढच्या कित्येक निरर्थक खटपटी वाचतात, आणि तरीही ते उतरवले जात नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

चक उघडण्याचे काम वरकरणी सोपे आहे. उघडण्यापूर्वी अंग आणि मागचे झाकण यांवर निर्मात्याच्या जुळणीखुणा आहेत की नाहीत ते पाहावे, नसल्यास पंचने समोरासमोर ठिपके मारावेत, पिनियन कोणत्या भोकातून निघाले तेही खुणेने नोंदवावे, कारण ज्या भागांनी वर्षानुवर्षे एकमेकांशी घासून जागा केलेली असते त्यांना दुसऱ्या जोडीदाराबरोबर बसवले की चाल जड होते. मागचे स्क्रू काढून झाकण पितळी हातोडीने हलक्या हाताने मोकळे केले की स्क्रोल वर येते, आणि पिनियनांना धरून ठेवणाऱ्या पिना किंवा स्क्रू काढले की तीही बाहेर येतात. आत जे सापडते ते पाहून नवखा माणूस चकित होतो. ग्रीस आणि बिडाची भुकटी यांचा थर इतका घट्ट झालेला असतो की तो खरवडून काढावा लागतो. रॉकेलमध्ये भिजवून, ताठ केसांच्या ब्रशने आट्याची प्रत्येक घळ साफ करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दाबाची हवा मारली तर कण अधिक खोल फटींत जातात आणि डोळ्यांतही उडतात. आट्यांवर एमरी पेपर चालवण्याचा मोह आवरावा लागतो, कारण त्याचे सुटे कण आत राहिले की तेच पुढची झीज करतात. आट्याच्या कडांवर आलेली खरखर, म्हणजे धातू दाबला जाऊन वर आलेली धार, तेवढीच बारीक तेलदगडाने उतरवावी. परत जोडताना ग्रीस अगदी पातळ थराने लावलेले बरे; बिडाचे काम रोजचे असेल तर ग्रीसऐवजी हलके तेल आणि वरचेवर सफाई अधिक हितकारक, हे उद्यमनगरातील अनुभवी लोक आग्रहाने सांगतात.

स्क्रोलची झीज सर्वत्र सारखी नसते, ही गोष्ट पुस्तकांपेक्षा प्रत्यक्ष कामातून अधिक ठळकपणे समजते. एखाद्या यंत्रावर वर्षानुवर्षे एकाच व्यासाचा माल चालला असेल तर आट्याचा तेवढाच पट्टा झिजतो आणि बाकीचा जवळजवळ नवा राहतो. पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून आणलेला एक चक अशाच कारणाने प्रथम निकामी ठरवला गेला होता: पंचवीस मिलिमीटरच्या सळईवर त्याचे वाचन फार वाईट होते. जाणत्या माणसाने निरनिराळ्या व्यासांच्या पिना लावून पाहिल्या, तेव्हा पन्नासच्या पुढे तोच चक नव्याच्या तोडीचा निघाला. ज्या कारखान्यात मोठ्या व्यासाचे ओतीव कामच होत असे तेथे तो पुढे उत्तम चालला. चावी कोणत्या भोकात घालून आवळली यानेही वाचन बदलते. काही निर्माते तिघांपैकी एका पिनियनजवळ खूण करून ठेवतात आणि चकची अचूकता त्या भोकातून शेवटचा आवळा देऊनच तपासलेली असते. अशी खूण नसल्यास तिन्ही भोकांतून आवळून डायल पाहावी आणि जेथे हालचाल सर्वांत कमी तेथे आपणच खूण करावी. यात एक पैसा लागत नाही आणि चकचा दर्जा मात्र तत्काळ सुधारतो.

आता जबड्यांकडे वळता येईल. जबड्यांची पुढची टोके मागच्या भागापेक्षा अधिक फाकलेली असणे हा त्यांचा नेहमीचा आजार. अशा चकमध्ये सळई मागे घट्ट आणि पुढे सैल धरली जाते, आणि हत्याराचा दाब पडताच ती पुढच्या टोकाला डोलते. आखूड जॉब केवळ जबड्यांच्या टोकांत धरणे आणि चावीला पाइप लावून ती अवाजवी आवळणे, ही याची दोन मुख्य कारणे आहेत. ग्राइंडिंगने हे दुरुस्त होते, पण एका अटीवर: प्रत्यक्ष पकडीच्या वेळी जबडे ज्या दिशेने रेटले जातात त्याच दिशेचा ताण ग्राइंड करतानाही त्यांच्यावर असला पाहिजे. जॉब पकडताना जबडे आत आवळले जातात आणि जॉब त्यांना बाहेर ढकलतो. जबड्यांच्या बाहेरून कडे घालून ते बाहेर ताणले तर सगळी ढिलाई उलट बाजूला जाते आणि ग्राइंड केलेला पृष्ठभाग पहिल्याच जॉबला तिरका होतो. हे कडे घालण्याची रीत सोयीची असल्यामुळे अजूनही चालते. बरोबर रीत अशी की जबड्यांच्या पुढच्या तोंडांत लहान भोके पाडून त्यांत पिना बसवाव्यात, त्या पिनांना आतून अटकाव करणारी जाड पत्र्याची तीन खाचांची प्लेट तयार करावी, आणि तिच्यावर जबडे आत आवळून, मध्ये मोकळ्या राहिलेल्या जागेतून टूलपोस्टवर, म्हणजे हत्यार धरणाऱ्या खांबावर, बांधलेल्या ग्राइंडरचे चाक चालवावे. जबडे कठीण केलेले असल्याने भोके पाडणे कष्टाचे असते. ते शक्य नसेल तेव्हा जबड्यांच्या अगदी मागच्या भागात मध्ये भोक असलेली छोटी चकती धरून पुढचा भाग ग्राइंड करतात आणि चकतीखाली राहिलेला उंचवटा नंतर हाताने उतरवतात, पण ही रीत दुय्यम मानावी. दोन्हींत बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, ओले कापड अंथरणे अनिवार्य आहे, कारण ग्राइंडिंगची धूळ लेथच्या सरकमार्गांना बिडाच्या भुकटीहून अधिक घातक असते. जबडे ज्या खाचांत सरकतात त्या खाचाच रुंदावल्या असतील तर मात्र ग्राइंडिंगचा लाभ एका ठरावीक आवळ्यापुरताच मिळतो, आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

या संपूर्ण कामातील सर्वांत समृद्ध आणि सर्वांत शिकवणारा भाग म्हणजे नवी बॅकप्लेट बनवणे. चक आणि स्पिंडल यांच्यामध्ये बसणारी ही बिडाची जाड तबकडी एका बाजूने स्पिंडलवर आणि दुसऱ्या बाजूने चकच्या पाठीवर बसते. चक एका लेथचा आणि लेथ दुसऱ्या पिढीचा असला तरी त्यांची गाठ हीच घालून देते. जुन्या लेथवर स्पिंडलच्या नाकाला आटे असतात, पुष्कळदा इंचाला आठ. समजूत अशी असते की हे आटे चकला मध्यावर आणतात. वस्तुतः आटे फक्त ओढून धरतात. मध्य साधतो तो आट्यांच्या मागील गुळगुळीत गोल भाग, आणि काटकोन साधतो तो खांदा. बॅकप्लेटला आतून आटे पाडताना अडचण अशी येते की जिच्यावर ती बसायची ते स्पिंडलचे नाक त्याच वेळी तिला धरणाऱ्या चार जबड्यांच्या चकने व्यापलेले असते, त्यामुळे आटे जमले की नाही हे लावून पाहता येत नाही. चक बॅकप्लेटसह उतरवून, उलटा करून नाकावर लावून पाहणारे कारागीर आहेत; परंतु पंधरा-वीस किलोंचे ओझे असे पुन्हापुन्हा उतरवणे-चढवणे त्रासाचे आहे आणि प्रत्येक वेळी बैठक तीच राहील याचा भरवसा नसतो.

म्हणून आधी स्पिंडलच्या नाकाची पोलादी प्रतिकृती करावी लागते. आट्यांच्या तळाचा व्यास, बाहेरचा व्यास, मागची गोलाई ही सर्व मापे मायक्रोमीटरने घेऊन दोन सेंटरांमध्ये, म्हणजे टोकदार आधारांमध्ये, ती वळतात, आणि तिची परीक्षा त्या लेथबरोबर आलेल्या, स्पिंडलवर नीट बसणाऱ्या जुन्या फेसप्लेटवर, म्हणजे जॉब बोल्टांनी बांधण्याच्या सपाट तबकडीवर, करतात: स्पिंडलवर फेसप्लेट जशी हाताला लागते तशीच ती प्रतिकृतीवर लागली पाहिजे. हे काम अर्धा दिवस खाते आणि त्यातून विकण्याजोगे काही निघत नाही, त्यामुळे घाईच्या कारखान्यात त्याला विरोध होतो. परंतु ज्या कारखान्याने एकदा अशी प्रतिकृती करून तेल लावून जपून ठेवली त्याला पुढची प्रत्येक बॅकप्लेट, प्रत्येक जोडणी सोपी गेली, असे दिसून येते. बॅकप्लेटचे आटे, गोलाई आणि खांद्याला टेकणारे तोंड हे सर्व एकाच बांधणीत, जॉब न सोडता पुरे करायचे असते. आट्याच्या सुरुवातीचा पहिला अर्धा फेरा कापून टाकायचा असतो, म्हणजे तेथे धार राहून खांद्यावरची बैठक बिघडत नाही.

त्यानंतर बॅकप्लेट स्पिंडलवर स्वतःच्या जागी चढते आणि तिचे पुढचे तोंड त्याच लेथवर, त्याच बेअरिंगांवर कापले जाते. बाजारातून कितीही चांगली तयार प्लेट आणली तरी हा शेवटचा काप आपल्या स्पिंडलवरच घ्यावा लागतो, कारण अचूकता त्या दोघांच्या जोडीची असते. या तोंडावर मध्ये एक उंच गोल खांदा ठेवतात, त्याला ‘स्पिगॉट’ म्हणतात, आणि तो चकच्या पाठीवरील खोलगट खाचेत बसतो. चकची पाठ बाहेरच्या कड्यावरच टेकली पाहिजे. स्पिगॉटचे तोंड खाचेच्या तळाला लागता कामा नये, तेथे अर्धा-एक मिलिमीटर मोकळीक हवी, नाहीतर चक मधोमध टेकून डगमगतो आणि बोल्ट आवळताना वाकतो. व्यासाची मोकळीक एक-दोन शतांशांवर आणण्यासाठी शेवटचे काप फार सावकाश घ्यावे लागतात आणि दर कापानंतर बॅकप्लेट गार होऊ द्यावी लागते. स्पिगॉट मुद्दाम दोन-तीन दशांश लहान ठेवून, बोल्ट अर्धवट आवळून चक डायलखाली ठोकून मध्यावर आणायचा आणि मग आवळायचा, अशीही एक पद्धत आहे. हलक्या, नाजूक कामाला ती योग्य आहे. परंतु चौकोनी किंवा खाचा असलेला माल वळताना जे धक्के बसतात त्यांत हा चक केवळ बोल्टांच्या घर्षणावर टिकून राहील असे मानणे धाडसाचे आहे, आणि जॉबवर्कच्या कारखान्यात घट्ट स्पिगॉटच श्रेयस्कर ठरतो. बोल्ट कोणत्याही पद्धतीत एकदम न आवळता थोडेथोडे, फेरीफेरीने आवळावेत.

तुलनेने नव्या लेथवर आट्यांऐवजी कॅमलॉक नावाची बैठक असते. तिच्यात आखूड शंकू मध्य साधतो आणि चकच्या पाठीतून निघालेल्या खुंट्या स्पिंडलमधील कॅमांनी, म्हणजे फिरवल्यावर आत ओढणाऱ्या तुकड्यांनी, आवळल्या जातात. तिची परीक्षा सोपी आहे: हाताने दाबून बसवलेल्या चकच्या पाठीशी केसभर फट दिसावी आणि कॅम आवळल्यावर ती मिटावी, म्हणजे शंकू आणि तोंड दोन्ही टेकले. कॅमवरची खूण ठरवून दिलेल्या दोन खुणांच्या मध्येच थांबली पाहिजे. ती पुढे जात असेल किंवा अलीकडे अडत असेल तर खुंटी एका फेऱ्याने आत-बाहेर करून बसवावी. ही जुळणी प्रत्येक लेथगणिक वेगळी असते, हे विसरून एका यंत्राचा चक दुसऱ्यावर तसाच चढवला जातो आणि मग तो उतरता उतरत नाही.

चक चढवण्याच्या प्रत्यक्ष क्रियेविषयी जे सांगण्यासारखे आहे ते जिवाशी संबंधित आहे. बेडवर लाकडी फळी, शक्य तर चकच्या गोलाईइतकी खोलगट केलेली, ठेवल्याशिवाय चक उचलू नये. फळी बोटांनाही वाचवते आणि बेडच्या सरकमार्गांनाही. आट्यांचा चक मोटर चालू करून कधीही चढवू किंवा उतरवू नये, स्पिंडल हाताने फिरवावे. आट्यांवरचा चक उलट्या दिशेने चालवला किंवा झटक्याने थांबवला तर तो सुटून येऊ शकतो, हे त्या लेथवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. चावी चकमध्ये राहून यंत्र सुरू होणे हा या धंद्यातील जुना आणि टाळता येण्याजोगा अपघात आहे. चावीला स्प्रिंग बसवून ती हात सोडताच आपोआप बाहेर पडेल अशी करण्याचा खर्च नगण्य आहे आणि तो करण्यास कचरणाऱ्या मालकाचे कोणतेही कारण ऐकून घेण्यासारखे नाही. वेग वाढला की जबडे बाहेर फेकले जाऊ पाहतात आणि पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. चकवर कोरलेली कमाल गती ही नव्या, स्वच्छ, तेल दिलेल्या चकची असते, दुरुस्त केलेल्या जुन्या चकला तिच्या बरेच खाली ठेवावे.

इतके सारे केल्यावरही तीन जबड्यांचा चक पाच-सात शतांशांच्या आत येईलच असे नाही, आणि यावरून निराश होणाऱ्या तरुण कारागिरांना एक गोष्ट समजून घ्यावी लागते की तो झटपट पकडीसाठी बनवलेला आहे. ज्या जॉबच्या दोन गोलाया एकमेकींशी अचूक जुळाव्या लागतात त्या एकाच बांधणीत, जॉब न सोडता वळल्या तर चकची च्युती जॉबमध्ये उतरतच नाही. सोडून पुन्हा धरणे अटळ असेल तर प्रत्येक जबडा स्वतंत्र सरकणारा चार जबड्यांचा चक लावून डायलवर जॉब ‘ट्रू’, म्हणजे मध्यावर, करून घ्यावा. चार जबड्यांच्या चकला घाबरणारे आणि म्हणून तीन जबड्यांच्या चककडून त्याला न झेपणारी अचूकता मागणारे कारागीर सर्वत्र भेटतात. दोन समोरासमोरच्या जबड्यांची जोडी एका वेळी घेऊन डायलच्या निम्म्या फरकाएवढे सरकवायचे, हा सराव आठवडाभर रोज केला की ती भीती जाते आणि चकच्या दुरुस्तीविषयीच्या अर्ध्या तक्रारी तेथेच मिटतात.

दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले चकही असतात. स्क्रोलचा आटा तुटलेला असेल तर स्क्रोल मिळणे कठीण, आणि मिळाली तरी ती नव्या चकच्या किमतीशी स्पर्धा करते; असा चक वेल्डिंगसाठी गोल वस्तू फिरवण्याच्या टेबलावर किंवा ड्रिलखाली जॉब धरायला खुशाल वापरावा. चकच्या अंगाला, विशेषतः जबड्याच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेला, तडा असेल तर अशा चकला कोणताही दुसरा उपयोग शोधू नये. रॉकेलने पुसून त्यावर खडूची भुकटी लावली की असा तडा काळ्या रेषेसारखा उमटतो, आणि लहान कारखान्यातही ही परीक्षा प्रत्येक दुरुस्तीच्या आरंभी करता येते. तडा गेलेला चक भंगारात तसाच विकला तर तो पॉलिश होऊन पुन्हा कोणाच्या तरी स्पिंडलवर चढतो, कारण भंगारबाजारात वजनापेक्षा वस्तूला अधिक दर मिळतो. उद्यमनगरातील एक जुने कारागीर असा चक विकण्यापूर्वी घणाने त्याचे दोन तुकडे करवून घेत आणि मगच काट्यावर चढवू देत. दरात पडणारी तूट ते मालकाला आधीच सांगून ठेवीत.